प्रदर्शन पाहून घरी आल्यावर तुम्ही काय केले? पुणेकरांनी अनुभव लिहावेत

बालगंधर्व रंगमंदिरात तिसऱ्या घंटेची वाट पाहत असताना गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन भव्य तैलचित्रे, एक पुरुषवेशातले आणि एक स्त्रीवेशातले, मी कित्येक वर्षे पाहत आलो. त्याच आवारातल्या कलादालनात मात्र पहिल्यांदा शिरलो तो केवळ पावसात आडोसा हवा होता म्हणून. आत पेठांतल्या जुन्या वाड्यांची जलरंगातील चित्रे मांडलेली होती आणि टेबलाशी अभिप्राय वही घेऊन चित्रकार स्वतः बसले होते. चुन्याच्या भिंतीसाठी पांढरा रंग कोणता वापरता, असे मी त्यांना विचारले. "तो रंग नाही, कागद आहे, तेवढी जागा सोडली आहे," असे ते शांतपणे म्हणाले. त्याच आठवड्यात मी रंगपेटी आणली. तेव्हापासून चार वर्षे मी जागा सोडायला शिकतो आहे आणि सोडलेली जागा दर वेळी शेवटच्या पाच मिनिटांत मीच भरून टाकतो आहे.

पुण्यात पाहिलेल्या एखाद्या प्रदर्शनामुळे आपणही काही करायला बसला असाल, तर येथे सविस्तर लिहावे. चित्र चांगले झाले की नाही हे गौण आहे; कोठे अडले ते मात्र अवश्य सांगावे.

शिवाजीनगरहून

आपण कोणत्या कागदावर जागा सोडत होता, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या मते निम्मे दुखणे तेथेच असते. घोले रस्त्यावरच्या राजा रवि वर्मा कलादालनात एका प्रदर्शनातले ओले, पसरलेले आकाश पाहून मी घरी आलो आणि मुलीच्या चित्रकलेच्या वहीत तसेच आकाश करायला गेलो. कागदाला पोक आले, रंग खळग्यांत साचला आणि वाळल्यावर ढगांऐवजी पापडाचे फोड दिसू लागले. मग आमच्याच भागात, १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेत जाऊन जाड कागद आणला. जाडी उत्तम होती, पण मी निवडलेला ताव लिहिण्यासाठी ठीक असला तरी पाण्याला फारच भुकेला निघाला. कुंचला टेकताच रंग आत शिरे आणि नंतर हलवता येत नसे. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाची खळ दिलेली असते, तिच्यामुळे रंग काही क्षण वर तरंगतो आणि तेवढ्यात आपल्याला जे करायचे ते करून घ्यावे लागते, हे मला दुकानदाराकडून फार उशिरा कळले. आता ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने फळीवर बसवतो. तो महाग पडतो, म्हणून एका तावाचे आठ तुकडे करतो आणि पाठीमागची बाजूही सोडत नाही.

सध्या पाताळेश्वर लेण्याच्या गोल नंदीमंडपाशी अडलो आहे. छताची कड आणि खालच्या जोत्याची कड या दोन्ही लंबवर्तुळांची फुगवट वेगवेगळी दिसते, हे डोळ्यांना पटते, पण हाताला पटत नाही.

सहकारनगरहून

मी आयुष्यभर रांगोळी काढली, पण तिला कधी चित्र म्हटले नाही. केळकर संग्रहालय हे काही प्रदर्शन नव्हे, तरीही लिहिते. तेथील अडकित्ते आणि दिवे पाहून आल्यावर मी एक अडकित्ता आठवणीने काढला. दोन्ही पात्यांवर मोर काढले, नक्षी भरली आणि तो सासूबाईंना दाखवला. त्यांचे वय ८८ आहे आणि सुपारी त्या अजूनही स्वतः कातरतात. त्यांनी चित्र हातभर लांब धरून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, खिळा इथे मारलास तर हा मिटायचा कसा?" बिजागरीचा खिळा मी मधोमध काढला होता, तो टोकाला हवा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून गेले आणि या वेळी फक्त खिळे पाहिले.

टिळक रस्त्यावरून

अभिनव कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची छापचित्रे पाहून मी लिनोचा, म्हणजे कोरून छाप घेण्याच्या लिनोलियमचा तुकडा आणि कोरण्या आणल्या. लिनो थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ होतो आणि छाप घ्यायला यंत्राऐवजी पळीची पाठ चालते. मी मोठ्या हौसेने 'पुणे' असे सरळ कोरले आणि अर्थातच ते उलटे छापले गेले. आता अक्षरे ट्रेसिंग कागदावर काढून तो पालथा घालतो.

वारज्याहून

मी उलट बाजूने, म्हणजे टेबलामागे बसणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आम्ही पाच हौशी मित्रांनी एक दालन तीन दिवसांसाठी घेतले होते. फ्रेम करून देणाऱ्याने पैसे वाचवण्यासाठी माउंट, म्हणजे काच आणि चित्र यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, न घालता काच थेट चित्रांना टेकवली. पावसाळा होता. माझ्या दोन चित्रांवर आतून दमट डाग उठले आणि एकाचा रंग काचेला चिकटून निघाला. चूक माझीही आहेच, कारण माउंट कशासाठी असतो हे मी त्याला विचारलेच नव्हते.

दुपारी दालनात आमच्याखेरीज केवळ सुरक्षारक्षक असत. त्यांनी माझ्या शनिवारवाड्याच्या चित्रासमोर तिन्ही दिवस उभे राहून शेवटी विचारले, "साहेब, हे कुठल्या महिन्यातलं आहे?" मी डिसेंबर म्हणालो. "मग दिल्ली दरवाज्यावर एवढं ऊन कुठून आलं? मी तिथे दोन थंड्या ड्युटी केली आहे. सकाळपासून सावलीत कुडकुडत उभा असायचो." दरवाजा उत्तराभिमुख आहे आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, एवढी साधी गोष्ट मी छायाचित्रे आणि रंगांचे तक्ते समोर ठेवूनही विसरलो होतो. दरवाज्यावरचे पिवळे ऊन तर त्या चित्रातला मला सर्वांत आवडलेला भाग होता.

चित्र विकले गेले नाही. त्याखालच्या चिठ्ठीवर मी 'डिसेंबर' खोडून 'मे' लिहिले. ते रक्षकांना दाखवले तेव्हा त्यांनी चित्रातल्या माणसांच्या अंगावरच्या स्वेटरांकडे बोट दाखवले.