वांगावर जायफळ उगाळावं की नाही?

निळी अबोली: दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग पडले. सासूबाईंनी सहाणेवर जायफळ दुधात उगाळून दिलं. लावलं, काही बिघडलं नाही. मग हुरूप आला. काष्ठौषधींच्या दुकानात ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटलं, तर बावचीचं चूर्ण बांधून मिळालं. लेप धुतला, गच्चीवर वाळवण घालायला गेले, दोन दिवसांत गाल भाजल्यासारखे. आता तिथं आधीपेक्षा काळं आहे. माझं मत: औषध म्हणता ना, मग औषधासारखं जपून वापरा.

देशावरचा: अहो ताई, बावची कोडावर देतात! त्यातल्या सोरॅलेनमुळे उन्हात कातडीला रंग चढतो, तुम्हाला तर तो उतरवायचा होता. यात आयुर्वेदाचा काय दोष? आमच्या आईने जन्मभर मसुराचं पीठ लावलं.

निळी अबोली: दोष कुठे दिला मी?

चिठ्ठी दाखवा: मी देतो. ‘नैसर्गिक’ म्हटलं की लोक डोळे मिटून चोळतात. लिंबू चोळून उन्हात जा, तेही डागच देईल. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन रंगद्रव्य तयार होण्यात अडथळा आणतं, मान्य. पण घरच्या वाटीत ते किती उतरतं, कोण मोजतं? २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात बॉस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली होती, १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं.

देशावरचा: ती पोटात घ्यायची होती. जायफळाच्या लेपाशी काय संबंध? आणि मेडिकलमधून बिनचिठ्ठीची स्टेरॉइडची ट्यूब नेतात, कातडी पातळ होते, त्यावर बोला की.

चिठ्ठी दाखवा: तेही चूकच. मी माझ्या काउंटरवर देत नाही, गिऱ्हाईक शिव्या घालून पुढच्या दुकानात जातं. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला गोरेपणाची क्रीमं लावणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडली, बोट पाऱ्याकडे गेलं. डबीवर परवाना क्रमांक नसेल तर आत काय आहे ते देव जाणे, मग वर पानंफुलं छापा नाहीतर रसायनशास्त्र.

बीएएमएस शेवटचं वर्ष: दोघेही थांबा जरा. ग्रंथांत वांगाला व्यंग म्हणतात, क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ आजारांत येतो. मंजिष्ठा, लोध्र, रक्तचंदन वापरतात, पण माणूस बघून. लेप तडकेपर्यंत ठेवायचा नसतो, ओलसर असतानाच काढायचा. आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस बघा. अबोलीताई, बाळ अंगावर पीत असेल तर पोटात घ्यायचं काहीही मनाने घेऊ नका. ज्येष्ठमधानं तर रक्तदाबही चढतो. आणि ऊन टाळलं नाही, सनस्क्रीन लावलं नाही, तर माझा लेप काय आणि त्वचारोगतज्ज्ञांचं क्रीम काय, सगळं पाण्यात. सध्या भाजलेलं आहे ना? मग कुठलाच लेप नको, आधी डॉक्टरांना दाखवा.

देशावरचा: सनस्क्रीन? वैद्य होणार ना तुम्ही!

बीएएमएस शेवटचं वर्ष: मग काय, छत्री घेऊन भांडी घासायची?

निळी अबोली: दाखवते उद्याच. एकच विचारते, १५० रुपयांत कुंकुमादी तेलाची बाटली मिळतेय, ‘भरपूर केशर’ लिहिलंय. नंतर घेऊ?

चिठ्ठी दाखवा: केशराचा भाव ठाऊक आहे ना?

देशावरचा: या एका बाबतीत मी यांच्या बाजूने.