केडम्पच्या वेळी एनएफएस माउंट होत नाही

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमच्या जिनिंगच्या लिनक्स सर्व्हरवर एनएफएस (दुसऱ्या यंत्रावरील फोल्डर नेटवर्कवरून वापरण्याची सोय) एरवी व्यवस्थित माउंट होते, म्हणजे जोडले जाते, परंतु कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळल्यावर, केडम्प म्हणजे त्या वेळच्या मेमरीची प्रत (डम्प) जपणारी सोय चालताना, माउंट अयशस्वी होऊन डम्प न घेताच यंत्र पुन्हा सुरू होते. कारण काय असावे?

उत्तर १ : क्रॅशनंतर दुसरा कर्नल राखीव मेमरीत स्वतःच्या छोट्या इनिट्रामएफएससह (सुरू होताना वापरायच्या तात्पुरत्या फाइल प्रणालीसह) उठतो, त्यामुळे नेटवर्क कार्डाची जोडणी नव्याने होते, स्विचवर जुना स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधील वर्तुळाकार जोडण्या रोखणारी पद्धत) असल्यास पोर्ट सुमारे ३० सेकंद अडून राहतो आणि माउंटचा प्रयत्न त्याआधीच संपतो. त्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता लगेच सुरू करणारी स्विचची सेटिंग) लावून पाहावे.

उत्तर २ : एनएफएसवर रूट स्क्वॅश (रूट म्हणजे प्रशासकाचे अधिकार काढून घेणारी सेटिंग) असेल, तर माउंट होऊनही लिहिता येत नाही, हेही तपासावे. केडम्पची चाचणी मात्र कापसाची आवक नसताना करावी. ती यंत्र खरोखरच पाडते.

प्रश्नकर्ता : पोर्टफास्ट लावल्यावर डम्प मिळाला. आभारी आहे.