डॉक्टर फोनवर, पोरीचा हात तपासलाच नाही. सांगायचं कसं?

चाकणशिफ्ट:
नमस्कार मंडळी. राहायला भोसरी, नोकरी चाकण एमआयडीसीत, क्वालिटीला. लेक १४ महिन्यांची, घरात चिऊ म्हणतो. ३२व्या आठवड्यात झाली, सुरुवातीचे दिवस काचेच्या पेटीत गेले. डिस्चार्जच्या वेळीच सांगितलं होतं की अशा बाळांची वाढ तज्ज्ञांकडून तपासून घेत राहायची. त्याप्रमाणे मागच्या आठवड्यात पुण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात डेव्हलपमेंटल असेसमेंटला नेली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

माझी शंका एकच होती. ती सगळं डाव्या हाताने घेते. उजव्या बाजूला खुळखुळा धरला तर अख्खी वळून डावाच हात पुढे आणते. उजवी मूठ बहुतेक वेळा मिटलेली, अंगठा आत. झबलं घालताना उजवी बाही चढता चढत नाही, हात ताठ धरते. हे सगळं मी फोनमध्ये लिहून नेलं होतं.

आत गेलो तर सर फोनवर. कुणाच्या तरी फ्लॅटचं पझेशन, पार्किंग कव्हर्ड मिळतंय की ओपन. फोन खांद्याला दाबून, कॉम्प्युटरकडे बघत प्रश्न: बसते? धरून उभी राहते? मामा-बाबा म्हणते? चिमटीत वस्तू उचलते? मी तोंड उघडेपर्यंत सासूबाईंचं "हो हो डॉक्टरसाहेब, सगळं करते." टिक, टिक, टिक. चिऊ माझ्या मांडीवर, दुपट्यासकट. तिला कुणी खाली ठेवलं नाही, हातात काही दिलं नाही. शेजारी साहित्याची पेटी होती, ठोकळे, घंटी, लाल रिंग. झाकण उघडलंच नाही.

शेवटी मीच मध्ये म्हटलं, सर, ती उजवा हात वापरत नाही. तेव्हा एकदा वर बघितलं. "डावखुरी असेल. घरात कुणी आहे का डावखुरं?" सासूबाई खूश. "आहे की, हिचा काका!" "मग झालं तर." आणि परत पार्किंग.

रिपोर्टमध्ये लिहिलंय: विकास वयानुसार समाधानकारक. चिमटीची पकड, दोन्ही हात, आहे. सहा महिन्यांनी दाखवा.

माझं काम फायनल इन्स्पेक्शनचं. गेज न लावता भरलेली शीट मी लांबून ओळखते, सगळी रीडिंग कशी एका ओळीत, एकही पॉइंट इकडेतिकडे नाही. हा रिपोर्ट तसा आहे. कंपनीत असते तर लॉट होल्डला टाकला असता आणि सुपरवायझरला बोलावलं असतं. इथे काय करतात?

नवरा म्हणतो गूगलवर एक स्टार दे आणि विषय सोड. सासूबाई म्हणतात डॉक्टरला दुखवू नये, पोर त्यांच्याच हाताखाली द्यायचीय. खरं सांगायचं तर भीती मलाही तीच आहे. उद्या थेरपी लागली, एखादं सर्टिफिकेट लागलं, तर सही त्यांचीच असणार. भांडण न करता पण स्पष्ट बोलायचं कसं? आणि नुसतं बोलून भागेल का, की लेखी द्यावं?

सदाशिवपेठी:
नाव सांगायचं नव्हतं तर एवढं लिहिण्यात काय हशील? आमचा वेळ गेला.

निवृत्त_सिस्टर:
सदाशिवपेठी, तुमचा वेळ गेला, तिच्या पोरीचा जाऊ नये म्हणून ती विचारतेय. नाव लिहिलं की इथे त्या हॉस्पिटलवरच दोनशे प्रतिसाद येतील, हातावर एकही नाही. पुढे अब्रुनुकसानीची नोटीस आली तर तीही तिलाच निस्तरावी लागेल.

बाळा, मी आयुष्य वॉर्डात काढलं, त्यातली बरीच वर्षं लहान मुलांच्या. एक गोष्ट नीट ऐक. चिऊचा हात आणि डॉक्टरांचा फोन या दोन गोष्टी एका कागदावर लिहू नकोस. दोन्ही एकत्र गेल्या की चर्चा डॉक्टरांच्या वागण्याची होते, तेही स्वतःचा बचाव करत बसतात आणि हात तिथेच राहतो.

पहिला कागद हाताचा. तो डॉक्टरांनाच द्यायचा. "रिपोर्टमध्ये दोन्ही हातांची चिमटीची पकड आहे असं लिहिलं आहे. घरी उजव्या हाताची पकड आम्हाला एकदाही दिसलेली नाही. कृपया उजवा हात पुन्हा तपासून नोंद करावी." एवढंच. आवाज चढवायचा नाही, "तुम्ही बघितलंच नाही" म्हणायचं नाही. तारीख टाक, रिसेप्शनवर पोच घे. सोबत व्हिडिओ ने, पण लाडाचे नकोत. पाठीला आधार देऊन बसव, समोर मधोमध कुरमुरा ठेव, मग उजवीकडे ठेव, मग डावा हात हलकेच धरून ठेव आणि ती काय करते ते घे. एक-एक मिनिटाचे पुरेत.

त्याच दिवशी रेकॉर्डची मागणी कर. नुसता छापील रिपोर्ट नाही, ज्या फॉर्मवर खुणा केल्या त्याचीही प्रत. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे, मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. झेरॉक्सचे पैसे घेतील, देऊन टाक.

दुसरा कागद फोनचा. तो मेडिकल सुपरिटेंडंटच्या नावाने, हाताचं काम मार्गी लागल्यावर. आपल्याकडे २०२१ साली नर्सिंग होमचे नियम सुधारले, तेव्हापासून खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती भिंतीवर आहे का बघून ये. बऱ्याच ठिकाणी कुंडीमागे असते.

ओटी_वारजे:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं हातांनी करायला शिकवणारी. रोज अशीच मुलं बघते. पोस्टवरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावर सहा महिने थांबणं मला पटत नाही.

डावखुरेपणा इतक्या लवकर ठरत नाही. पहिल्या वर्षात बाळं दोन्ही हात जवळजवळ सारखे वापरतात, ठाम पसंती साधारण दीड-दोन वर्षांच्या सुमारास दिसायला लागते. त्याच्या आधी मूल एकच हात वापरत असेल तर आम्ही "हा हात किती हुशार" असं म्हणत नाही, "तो दुसरा का मागे" असं विचारतो. त्यात मुठीत अंगठा, बाही घालताना ताठरपणा आणि ३२ आठवड्यांचा जन्म. एका बाजूचा सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींत येणारा दोष, आहे का हे बघायलाच हवं. नसेल तर उत्तमच. असेल तर त्या हाताला काम द्यायला जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं.

आणखी एक. चिऊचं वय मोजताना ते आठ आठवडे वजा करा. दोन वर्षांपर्यंत वाढ करेक्टेड वयाने बघतात, म्हणजे ती आत्ता साधारण १२ महिन्यांची धरायची. चालत नाही म्हणून घाबरू नका, त्याला अजून वेळ आहे. डाव्या-उजव्यातल्या फरकाला मात्र वयाची सवलत नसते.

तुम्ही सांगितलेली ती पेटी बहुतेक डासीची. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी बसवलेली चाचणी, १९९७ मध्ये सुधारली, मॅन्युअल आपल्या पुण्यातूनच निघालं. ३० महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. शारीरिक हालचालींचे ६७ आणि मानसिक १६३ मुद्दे. सगळे एका बाळाला लागत नाहीत, पण मूल दुपट्यात आणि पेटी बंद असताना ती चाचणी पूर्ण होत नाही, हे मी खात्रीने सांगते. तेव्हा "कुठली चाचणी केली आणि गुण किती आले" एवढंच नम्रपणे विचारा. चाचणी झाली असेल तर गुणांचा कागद असतो.

रात्रपाळीचा_डॉक्टर:
बालरोग विभागात रेसिडेंट आहे, त्यामुळे थोडी आमची बाजू. अनुभवी डॉक्टर मूल दारातून आत येतानाच बरंच बघतात. तुम्हाला वाटतं कॉम्प्युटरकडे बघतायत, पण नजर मुलावर असते. शिवाय ओपीडीत आमचा फोन वाजतो तेव्हा अनेकदा वॉर्डातून असतो.

हे म्हणून झालं. पार्किंगच्या फोनला माझ्याकडे बचाव नाही. आणि मला फोनपेक्षाही "घरात कुणी डावखुरं आहे का" हे जास्त खटकलं. आईने स्वतःहून एका हाताबद्दल सांगितल्यावर तो हात हातात घेणं हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. हॅमरस्मिथ नावाची बाळाच्या मेंदू-मज्जासंस्थेची तपासणी आहे, २ ते २४ महिन्यांच्या बाळांसाठी, २६ मुद्दे, सराव असेल तर दहा-पंधरा मिनिटांत होते. त्यात डावं-उजवं वेगळं दिसलं तर तशी नोंद करायला जागा असते. हे नाव घेऊन विचारलंत तर डॉक्टरांना कळेल की तुम्ही रागावून नाही, तयारीने आलात. चिऊ अजून त्या वयात बसते, पण म्हणून उशीर नको.

एक सूचना, राग मानू नका. पुढच्या वेळी उत्तरं एकाच माणसाने द्यावीत. आजीचं "सगळं करते" ऐकून आम्हीही फसतो.

तरी नाहीच ऐकलं तर सरळ दुसऱ्या डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनला किंवा बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, मानवाधिकार आयोगाच्या सनदेतही आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढची सोय मोफत होते. अंगणवाडी ताईंना विचारा, ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मेडिकल कौन्सिल वगैरे सगळ्यात शेवटी. तिथे वेळ लागतो, आणि पोरीचा हात तोवर थांबणार नाही.

सदाशिवपेठी:
माझ्या नातवाला डासी झाली होती. तासभर लागला होता, पोरगं शेवटी लाल रिंग घेऊन घरी यायला निघालं. दहा मिनिटांत होत नाही ती. मूळ प्रतिसाद मागे घेत नाही, पण ही माहिती असू द्या.

चाकणशिफ्ट:
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

सिस्टर, तुमच्या शब्दांत पत्र लिहिलं, पोच घेतली. फॉर्मची प्रत मागितल्यावर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली असं कुणी मागत नाही. ७२ तासांचं सांगितलं तर आत जाऊन विचारून आली आणि अर्ज घेतला. डासीचे गुण विचारले. गुणांचा कागद नव्हता. फॉर्मवर पालकांनी सांगितलेल्या माहितीनुसार असं बारीक अक्षरात छापलेलं निघालं, म्हणजे सासूबाईंनी सांगितलेल्या.

सरांची वेळ मिळाली. आधी कपाळाला आठ्या. "मी सहा महिन्यांनी सांगितलं होतं ना?" मी पत्रातलंच वाक्य म्हटलं आणि व्हिडिओ पुढे केला. ते म्हणाले डावखुऱ्या मुलांत असं दिसू शकतं. त्यावर बोलायच्या तयारीत मी होते, पण सासूबाईच बोलल्या. "साहेब, हिचा काका डावखुरा आहे, पण त्याची उजवी मूठ उघडत होती." मला काही सुचेना. मागच्या वेळी हो-हो करणारी हीच बाई.

मग सरांनी तिला गादीवर ठेवली. उजवा हात हातात घेऊन मनगट, कोपर हळूहळू हलवून बघितलं, दोन्ही पायही. कुरमुरा ठेवला. तिने नेहमीसारखा डावा आणला, डावा धरल्यावर रडायला लागली. या सगळ्यात त्यांचा फोन एकदा वाजला, कट केला. रिपोर्टला जोडपत्र दिलं: उजवा हात कमी वापर, टोन (स्नायूंचा ताण) वाढलेला, हॅमरस्मिथ करून घ्यावी, बालमेंदूतज्ज्ञ आणि ओटी. मेंदूचा एमआरआय सुचवलाय. सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत, मीही त्यासाठी थांबले नाही.

फोनचं पत्र वेगळं दिलं, सुपरिटेंडंटच्या नावाने. उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाची नोंद घेण्यात आली आहे. सनद होती भिंतीवर, कुंडीमागे नाही, वॉटर कूलरमागे. नवऱ्याचा एक स्टार अजून त्याच्याच फोनमध्ये आहे.

आता ताजा प्रश्न. एमआरआयला भूल देणार आहेत. चिऊ रात्री दोन-तीनदा अंगावर पिते. किती वेळ उपाशी ठेवायचं? फोनवर विचारलं तर नुसतं "रिकाम्या पोटी या" म्हणाले.

निवृत्त_सिस्टर:
सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

भुलेआधी साधारण हिशोब असा: वरचं दूध आणि खाणं ६ तास बंद, अंगावरचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. पण तुमचे भूलतज्ज्ञ जे सांगतील तेच धर, आणि ते फोनवर नको, भूलपूर्व तपासणीत त्यांच्याकडून केसपेपरवर लिहून घे. सर्दी-खोकला असेल तर आधीच कळव, तारीख पुढे ढकलतात. आणि सकाळची पहिली वेळ माग. दुपारची दिली तर भुकेल्या पोरीला घेऊन नाशिक फाट्यावर अडकशील.