मदत हवी आहे: खासगी आणि पब्लिक शाळेतील वांशिक व आर्थिक वैविध्य कसे ताडून पाहावे? (न्यू जर्सी)

नमस्कार,

आमची मुलगी येत्या सप्टेंबरात सहावीत जाईल. आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत राहतो आणि तिला टाउनच्या पब्लिक (इथे याचा अर्थ सरकारी, बिनफीच्या) मिडल स्कूलमध्ये ठेवावे की जवळच्या एका खासगी शाळेत घालावे, यावर घरात दोन महिने खल चालू आहे. अभ्यासाला दोन्ही शाळा चांगल्या आहेत आणि फीची तोंडमिळवणी ओढूनताणून होईल, म्हणून त्याबद्दल विचारत नाही. निरनिराळ्या वंशांची आणि निरनिराळ्या ऐपतीच्या घरांतली मुले खरोखर कोणत्या शाळेत एकत्र शिकतात, हे पालकाने कसे ओळखावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

खासगी शाळेच्या माहितीपत्रकात ‘स्टुडंट्स ऑफ कलर’चे, म्हणजे गोरी नसलेल्या मुलांचे, प्रमाण ठळक अक्षरांत छापले आहे, आणि शाळा पाहायला गेलो तेव्हा ते खोटेही वाटले नाही. मात्र इतर पालकांशी बोलल्यावर लक्षात आले, की त्यातली बरीच घरे आमच्यासारखीच, आयटीत किंवा औषध कंपन्यांत नोकरी करणारी, भारतीय आणि चिनी आहेत. सरकारी नोंदीत तेलुगू डॉक्टरची मुलगी आणि बांगलादेशी टॅक्सीचालकाचा मुलगा ‘एशियन’ या एकाच रकान्यात बसतात. त्यामुळे त्या आकड्यावरून वंशाबद्दल थोडे कळते, पैशाबद्दल काहीच कळत नाही.

देशभराचे चित्र तसे स्पष्ट आहे. २०२१ च्या सुमारास पब्लिक शाळांत गोरी मुले सुमारे ४५ टक्के होती, तर खासगी शाळांत ६५ टक्क्यांच्या आसपास. हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश मुळाची) मुले अनुक्रमे सुमारे २८ आणि १२ टक्के. पण देशाची सरासरी घेऊन आमच्या टाउनमधली शाळा कशी निवडणार?

आर्थिक बाजू तर त्याहून अवघड आहे. पब्लिक शाळेपुरता मोफत किंवा सवलतीच्या जेवणाचा आकडा मिळतो. केंद्राच्या नियमानुसार दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण मोफत आणि १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत मिळते. कॅफेटेरियात मुलगी आपला पिन दाबते आणि ट्रे उचलते. कोणाचे जेवण मोफत आहे, हे शेजारच्या मुलाला कळत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु जिथे गरीब घरांचे प्रमाण बरेच असते तिथे अख्ख्या शाळेला अर्जाविना मोफत जेवण देण्याची तरतूद आहे, आणि अशा शाळेत या आकड्यावरून गरिबी मोजता येत नाही. खासगी शाळेकडे विचारणा केली तर ‘फायनान्शियल एड’ घेणाऱ्यांची टक्केवारी सांगतात. फी इतकी आहे की चांगल्या पगाराच्या घरालाही थोडीफार मदत मिळते, म्हणून त्या टक्केवारीतून गरिबी शोधणे मला पटत नाही. (महाराष्ट्रात निदान आरटीईच्या २५ टक्के जागा कायद्याने ठरलेल्या आहेत, अंमलबजावणीचे रडगाणे वेगळे. इथल्या खासगी शाळांवर तसे बंधन नाही.)

पब्लिक शाळेबद्दलही मी भाबडा नाही. इथे शाळा टाउनच्या हद्दीवर ठरते आणि बऱ्याच टाउनमध्ये तिचा मोठा खर्च प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो, म्हणजे घर घेताना आपण एका अर्थाने शाळेचीच फी भरलेली असते. याच राज्यात २०१८ मध्ये काही संघटना आणि कुटुंबांनी शाळांतील वांशिक विभाजनाविरुद्ध सरकारला न्यायालयात खेचले. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायाधीशांनी अनेक डिस्ट्रिक्टमध्ये (स्थानिक शाळा चालवणाऱ्या विभागांत) ठळक आणि दीर्घकाळचा असमतोल असल्याचे मान्य केले, मात्र संपूर्ण राज्याची व्यवस्थाच घटनाबाह्य असल्याचे सिद्ध झाले नाही, असेही म्हटले. शिवाय शाळेच्या दारातून सगळे एकत्र आत जातात आणि पुढे ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीच्या, गणिताच्या वर्गात पुन्हा तीच ठराविक मुले दिसतात, असे थोरल्या मुलांचे पालक सांगतात.

ज्यांनी दोन्हीकडे मुले घातली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: वर्गनिहाय, विशेषतः ऑनर्स वर्गांची वांशिक माहिती डिस्ट्रिक्टकडे मागितली तर मिळते का? पूर्ण फीमाफी किती मुलांना आहे, असे खासगी शाळेच्या प्रवेश अधिकाऱ्याला थेट विचारले तर चालते का, की ते उद्धट वाटते? आणि वाढदिवसाला, खेळायला तुमच्या मुलांच्या घरी प्रत्यक्षात कोण येते? खासगी शाळेचा अर्ज जानेवारीत बंद होतो, तेव्हा त्याआधी उत्तरे मिळाल्यास उपकार होतील.