स्प्रे गनसाठी कॉम्प्रेसर कोणता? (सोसायटी ग्रुप)

मंजिरी (सेक्रेटरी): मंडळी, गेट, कंपाउंडची जाळी आणि जिन्यांचं रेलिंग या वेळी ब्रशऐवजी स्प्रेने रंगवायचं ठरलंय. गन आणि कॉम्प्रेसर सोसायटीचाच घ्यावा, असं कमिटीचं म्हणणं. कोणाला माहिती असेल तर सांगा.

समीर: घ्यायचा कशाला? माझ्याकडे टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आहे. त्यावर १५० पीएसआय (दाबाचं माप) लिहिलंय, गनला तर ३०च्या आसपास लागतं. न्या खुशाल.

जोगळेकर काका: समीर, त्याने गेट रंगवायला घेतलंस तर पुढची कमिटी निवडून येईल, तरी काम चालूच असेल 😄 दाब वेगळा आणि हवा किती येते ते वेगळं. टायर बंद असतो, त्यात सावकाश हवा गेली तरी दाब चढतो. गन म्हणजे उघडा नळ. ट्रिगर दाबला की हवा वाहत राहते, मागून तेवढी आली नाही तर दाब धाडकन खाली.

समीर: मग बघायचं काय?

जोगळेकर काका: सीएफएम. म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. १ सीएफएम म्हणजे साधारण २८ लिटर. आधी गन ठरवा, तिच्या कागदावर सीएफएम आणि दाब दोन्ही दिलेले असतात. त्यावरून कॉम्प्रेसर. लोक आधी कॉम्प्रेसर आणतात आणि मग त्याला झेपेल अशी गन शोधत बसतात.

नेहा: काका, एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन चांगली ना? रंग कमी उडतो म्हणतात.

जोगळेकर काका: उडतो कमी, पण हवा फार खाते. ८ ते १४ सीएफएम सहज. तिच्या धाकट्या भावंडाला एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) म्हणतात, ती ३ ते ५ मध्ये भागवते. काम थोडं सावकाश होतं, पण जाळी आणि रेलिंगसाठी फवाऱ्याचा पट्टा अरुंदच लागतो. माझं मत एलव्हीएलपीला.

मंजिरी (सेक्रेटरी): एका विक्रेत्याने २ एचपीचा सांगितलाय, ८ सीएफएम.

जोगळेकर काका: ते ८ कुठलं, ते विचार. बरेच जण पिस्टनचं डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टन आत किती हवा ओढतो ते, छापतात. प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याच्या ६० ते ७० टक्के भरते. म्हणजे हातात ५, फार तर साडेपाच. शिवाय एफएडी कुठल्या दाबाला मोजलीय तेही विचार, दाब वाढला की आकडा उतरतो.

समीर: पण टाकी मोठी घेतली तर? ५० लिटर?

नेहा: मी हिशेब करते. बार हेही दाबाचंच माप, दर बारमागे एक टाकीभर हवा. टाकी ८ बारवरून ४ बारवर येईपर्यंत ५० × ४ = २०० लिटर हवा सुटते. गन ८ सीएफएमची, म्हणजे मिनिटाला सव्वादोनशे लिटर. कॉम्प्रेसर ५ सीएफएम देतोय, म्हणजे १४०. तूट ८५ची. सव्वादोन मिनिटांत खेळ खलास, मग थांबून राहा.

जोगळेकर काका: शाब्बास. टाकी उसनवारी आहे, कमाई पंपाची. आणि पंपाला विसावाही लागतो. स्वस्तातले ऑइल-फ्री बरेचसे ५० टक्के ड्यूटीचे असतात, दहा मिनिटांत पाच चालले तर पाच बंद राहायला हवेत. सलग पळवलेस तर तापून थर्मल कटआउट उडतो. म्हणून गनच्या गरजेपेक्षा एफएडी निदान दीडपट धरा.

फडके काकू: पंप म्हटल्यावर आठवलं, आज संध्याकाळी पाणी चढवणार आहेत का?

मंजिरी (सेक्रेटरी): हो काकू, चढवणार.

समीर: वीज कुठून घ्यायची? गेटवरच्या गार्डच्या खोलीत सॉकेट आहे. तिथून एक्स्टेन्शन बोर्ड ओढू.

नेहा: थांब जरा. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना १० अँपिअरच्या घरात घेते. सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे ५०-६०. ३० मीटर लांबीची ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर सुरू होतानाच साठेक व्होल्ट त्या वायरमध्ये जातील. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे जवळपास निम्मा. मोटर घुमत राहील, फिरणार नाही, वाइंडिंग तापेल. २.५ स्क्वेअरची वायर घेतली तर तोच फरक पंचवीसेक व्होल्टवर येतो.

जोगळेकर काका: त्यापेक्षा कॉम्प्रेसर सॉकेटजवळ ठेवा आणि हवेचा पाइप लांब घ्या. पाइप आतून १० मिमीचा, ६ चा नको. गनचा दाबही ट्रिगर दाबून बघायचा. नुसता ठेवलेला काटा काहीही दाखवतो.

नेहा: आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. गार्डच्या खोलीत बी १६ (बी प्रकारचा, १६ अँपिअरचा) बसवलाय, मी मागे बघितलंय. बी प्रकार तीन ते पाच पटीला उडतो, म्हणजे ४८ ते ८० अँपिअरला. सुरुवातीच्या धक्क्यालाच पडू शकतो. सी पाच ते दहा पटीचा असतो, तो चालेल. पण वायरही त्याला शोभेल अशी हवी, नाहीतर नुसता एमसीबी बदलून मोकळे होऊ नका. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, ओल्या अंगणात काम आहे.

समीर: पंप रूममध्ये थ्री फेज आहे की. तिथून घेतलं तर?

नेहा: उत्तम कल्पना. ३ एचपीची थ्री फेज मोटर फेजला ५ अँपिअरच घेते. सिंगल फेजवर तीच १४-१५ घेईल, म्हणजे १६च्या सॉकेटला काठावर. पण मग मशीन कायमचं तिथेच, घरी कोणाला नेता येणार नाही.

मंजिरी (सेक्रेटरी): घरी न्यायची सोय नसलेलीच बरी 😅

सदाशिव काका: आमच्या भाच्याने एअरलेस (हवेशिवाय, रंगच दाबाने फवारणारं मशीन) वापरलं, कॉम्प्रेसरच लागला नाही.

जोगळेकर काका: ते भिंतीला झकास. बारीक सळ्यांवर अर्धा रंग हवेत जाईल. शिवाय त्यात रंग ३००० पीएसआयला येतो. टिप अडकली म्हणून बोटाने पुसायला गेलं तर रंग कातडीत शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. तसं झालं तर घरगुती उपाय नको, थेट दवाखाना.

मंजिरी (सेक्रेटरी): बापरे. नको. आणखी काही?

जोगळेकर काका: पाणी! हवा दाबली की गरम होते आणि थंड होताना पाणी सोडते. टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडून काढायचं, गंजाचा चहा निघतो. वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) कॉम्प्रेसरला चिकटवून लावू नका, तिथे हवा गरमच असते, वाफ सरळ पुढे जाते. पाइपात थंड झाल्यावर, गनकडच्या टोकाला लावा. नाहीतर रंगावर फोड दिसतील आणि दोष रंगाला जाईल.

फडके काकू: थिनरचा वास फार असतो हो.

नेहा: वासाचं नाही काकू, पेट घेण्याचं जास्त. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि प्रेशर स्विच (टाकी भरली की मोटर बंद करणारा) उघडताना ठिणगी पडते. म्हणून कॉम्प्रेसर रंगाच्या जागेपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. मास्क कार्बन काडतुसाचा, कापडी नाही. आणि टू-पॅक पीयू (दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग) कोणी सुचवलं तर नाही म्हणा, त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, दम्याचा विकार जडू शकतो. साधं सिंथेटिक एनॅमल घ्या.

मंजिरी (सेक्रेटरी): मग ३ एचपी, थ्री फेज, पंप रूममध्ये, एलव्हीएलपी गन. एफएडीचा आकडा मी लेखी मागते.

समीर: पंप रूमपासून गेटपर्यंत पाइप पुरेल?

नेहा: आज मोजून सांगते. आणि रंगवायच्या दिवशी गाड्या आधी हलवा, उडालेला रंग वाऱ्याबरोबर बोनेटवर बसला की पॉलिश करूनच निघतो.

समीर: माझी गाडी गेटसमोरच असते. काढतो.