मदत हवी आहे: दिवाणातल्या जुन्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांचं काय करू?

नौपाड्यातली आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय. महिनाअखेरीस भाड्याच्या वन बीएचकेत जायचं आहे, आणि सासूबाईंचा दिवाण उघडला तर आत अख्खं दुकान! सोलापुरी चादरी सात, पलंगपोस, अभ्र्यांचा ढीग, विरलेले टर्किश टॉवेल, शिवाय त्यांची चार सुती नऊवारी लुगडी. एका अभ्र्यावर त्यांनी टाके घालून मोर भरलाय. मोर जसाच्या तसा आहे, कापड मात्र बोट लावलं की फाटतं.

पूर्वी बोहारीण यायची, दोन साड्यांवर स्टीलचं पातेलं घासाघीस करून मिळायचं. आता वॉचमन तिला गेटातूनच परत पाठवतो. (तसंही ती चादरींना नाकच मुरडायची.)

लुगड्यांची गोधडी करायची हे नक्की. ठाण्यात किंवा कळव्याला हाताने धावदोरा घालून शिवणाऱ्या कुणी बाई माहीत आहेत का? मशीनवरची नको, ती कडक होते. मजुरी साधारण किती घेतात?

धड चादरी गूंज या जुने कपडे गोळा करणाऱ्या संस्थेला द्याव्या म्हणते, धुऊन ठेवल्यात. टॉवेल भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरला चालतील ना? उरलेल्या चिंध्यांचा खरा प्रश्न आहे. बेलापूरला नवी मुंबई महापालिकेचं जुन्या कपड्यांचं केंद्र आहे, तिथे ठाणेकरांकडून घेतात का? कुणी देऊन आलं असेल तर सांगा.

आणि तो मोर कसा वाचवू? कापून फ्रेम करावा, की मागून मलमल लावून नव्या उशीवर शिवावा? कात्री हातात घेतली की धीरच होत नाही.