शब्दचर्चा : सगळ्यालाच ‘अनुकूलन’ म्हणायचं का?

टेकडीफेरी :
पुण्यातल्या वेताळ टेकडीवर शाळकरी मुलांसाठी एक फेरी आखतोय. विषय आहे ‘सजीव आपल्या भोवतालाला कसे सामोरे जातात’. वाटेवर लावायच्या पाट्यांचा मजकूर हातात आलाय आणि त्यात लाजाळूचं मिटणं हे अनुकूलन, म्हशीचं डुंबणं हे अनुकूलन, लेहला गेलेल्या माणसाच्या रक्तातला बदल अनुकूलन, फड्या निवडुंगाचे काटे तर अनुकूलन आहेतच. एका मैत्रिणीने वाचून नाक मुरडलं. पर्याय विचारला तर म्हणाली, तूच शोध. मुलांच्या तोंडी बसतील असे वेगवेगळे शब्द मराठीत आहेत का?

निवृत्त_बाई :
मैत्रिणीचं बरोबर आहे. मी वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलं, पेपरात सगळ्यात जास्त घोळ याच शब्दावर. गोष्ट घडायला किती वेळ लागतो आणि बदलतं कोण, एवढं पाहिलं तरी निम्मा गुंता सुटतो.

तुमचं लेहचंच उदाहरण घेऊ. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. विमानातून उतरलात की लगेच श्वास आणि नाडी जलद होते. हा प्रतिसाद. तिथेच राहिलात तर मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात, अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढवते, आणि काही आठवड्यांत तुम्ही बऱ्यापैकी हिंडू-फिरू लागता. खाली परत आलात की हे हळूहळू उतरतं आणि तुमच्या मुलांना वारशाने काही मिळत नाही. याला आपल्याकडे ‘हवा मानवली’ म्हणतात, ‘सरावला’ म्हणतात. आता तिबेटी लोक बघा. हजारो वर्षं उंचावर राहिलेल्या या लोकसमूहात ईपीएएस१ या जनुकाचं एक विशिष्ट रूप फार मोठ्या प्रमाणात आढळतं. २०१० साली यावर संशोधन प्रसिद्ध झालं. गंमत अशी की त्यांचं रक्त सरावलेल्या पुणेकरासारखं दाट होत नाही, उलट हिमोग्लोबिन बेताचंच राहतं. म्हणजे ते ‘जास्त सरावलेले’ नव्हेत, त्यांचं उत्तरच निराळं आहे. अनुकूलन हा शब्द फक्त यासाठी राखून ठेवा.

टेकडीफेरी :
म्हणजे प्रतिसाद, सरावणं, अनुकूलन. पण बाई, ‘सराव’ म्हटलं की मुलांना दहावीचा सराव पेपर आठवणार.

निवृत्त_बाई :
आठवू दे. सराव ‘करतात’, आणि अंग आपोआप ‘सरावतं’. क्रियापद वापरलं की झालं. नाहीतर ‘अंगवळणी पडणे’ आहेच.

डाळिंबवाला :
इंदापूरकडे बाग आहे, राहायला हडपसरला. आमच्याकडे यातला एक शब्द रोजचा आहे : ताण. बहार धरायचा असेल तर बाग ताणावर सोडतात. म्हणजे पाणी तोडायचं. जमीन हलकी की भारी त्यावर किती दिवस ते ठरतं. झाड वाढ थांबवतं, पानं पिवळी पडून गळतात, काडीत अन्न साठतं. मग छाटणी, खत आणि पाणी दिलं की झाड फुलावर येतं. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार, तिन्हींत युक्ती तीच. हस्ताला पाऊस मध्येच आला की ताण नीट बसत नाही आणि फुलं मागेपुढे निघतात. पाट्यांवर ‘पर्यावरणीय दबाव’ असलं काही लिहिलं असेल तर खोडा, ताण लिहा.

टेकडीफेरी :
लिहिलंय तसंच. खोडतो.

कुंडीतला_माळी :
रोपवाटिकेत शेडनेटखाली वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं करपतात. म्हणून विकायच्या आधी पाणी कमी करत आणि ऊन वाढवत नेतात. उरुळी कांचनकडे सगळे हार्डनिंगच म्हणतात, शेतकी पुस्तिकांत ‘रोपे कणखर करणे’ असतं. यात नवी येणारी पानं जाड आणि लहान निघतात. जुनं कोवळं पान बदलत नाही, ते बहुधा गळूनच जातं. बाईंच्या हिशेबात हे सरावण्यात जाईल ना?

आणि ‘माना टाकणे’ विसरू नका. मे महिन्यात दुपारी कुंडीतलं झाड माना टाकतं आणि संध्याकाळी, पाणी न घालताही, पुन्हा ताठ होतं. पानांतून उडून जाणारं पाणी मुळांतून येणाऱ्यापेक्षा जास्त झालं की पेशी ढिल्या पडतात, ऊन उतरलं की हिशेब जुळतो. सकाळीही मान खालीच असेल तेव्हा मात्र काळजी करायची.

शुद्धलेखन_पोलीस :
‘प्रतिक्रिया’ आणि ‘प्रतिसाद’ यांत गल्लत नको. रसायनांची अभिक्रिया, वाचकांची प्रतिक्रिया, सजीवाचा प्रतिसाद. धन्यवाद.

सूक्ष्मदर्शक :
पाषाणला प्रयोगशाळेत असतो, माझी दुनिया जिवाणूंची. हे भांडण फक्त मराठीतलं नाही, हे आधी सांगतो.

ई. कोलाय या जिवाणूला ग्लुकोज आणि लॅक्टोज या दोन साखरा एकत्र दिल्या तर तो आधी ग्लुकोज संपवतो. मग वाढ थोडा वेळ थांबते आणि लॅक्टोज फोडणारं विकर (एन्झाइम) पुरेसं तयार झालं की पुन्हा सुरू होते. १९४० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनो यांनी आलेखातली ही पायरी नीट अभ्यासली. त्या काळी शास्त्रज्ञ याला विकरांचं ‘अनुकूलन’च म्हणत. पण उत्क्रांतीतलं अनुकूलन वेगळं, यात तर त्याच पेशी आहे ते जनुक चालू करतात. म्हणून १९५३ मध्ये मोनो आणि चार सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक टिपण लिहिलं आणि त्या शब्दाऐवजी ‘प्रेरण’ या अर्थाचा शब्द सुचवला. तो टिकला. तुमच्या मैत्रिणीचं नाक चांगल्या परंपरेतलं आहे.

दुसरं, जिवाणूही ‘सरावतो’, आणि तेही काही सेकंदांत ते मिनिटांत. ई. कोलायच्या कशाभिका, म्हणजे पोहायच्या बारीक शेपट्या, एका दिशेने फिरल्या की त्यांची जुडी होते आणि तो सरळ पोहतो. उलट फिरल्या की जुडी सुटते, तो गटांगळी खातो आणि तोंड भलतीकडेच होतं. पुढे अन्न वाढतंय असं जाणवलं तर गटांगळ्या कमी होतात. त्यासाठी तो आत्ताची चव काही सेकंदांपूर्वीच्या चवीशी ताडून पाहतो. अन्न भरपूर पण सगळीकडे सारखंच असलं तर थोड्याच वेळात गटांगळ्या पूर्ववत. कचरा डेपोजवळ राहणाऱ्याला वास येईनासा होतो, तशातलंच. तेव्हा बाई, फक्त वेळ मोजून भागणार नाही.

निवृत्त_बाई :
म्हणूनच ‘बदलतं कोण’ हेही विचारायचं असं म्हटलं. एकच जीव की पिढ्यान्‌पिढ्या? तुमचा जिवाणू सरावला, पण तो तोच राहिला.

टेकडीफेरी :
एका पाटीवर ‘अँटिबायोटिकला सरावलेले जिवाणू’ असं आहे. ते चालेल?

निवृत्त_बाई :
अजिबात नाही! औषधाच्या माऱ्यात एकेक जिवाणू सोसायला शिकत नाही. ज्यांच्यात बदल आधीच झालेला असतो ते उरतात आणि वाढतात. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये हे दाखवलं. त्यांनी औषधाऐवजी जिवाणू मारणारे विषाणू वापरले होते. वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेल्या जिवाणूंपैकी वाचणाऱ्यांची संख्या नळीगणिक फार कमीजास्त निघाली. विषाणू भेटल्यावर बदल होत असता तर ती साधारण सारखी निघायला हवी होती.

सूक्ष्मदर्शक :
एक पुस्ती. काही जिवाणू औषध भेटल्यावरच ते फोडणारं विकर जोरात बनवतात, म्हणजे तिथे प्रतिसादही असतो. पण ते जनुक आधीपासून असतं, किंवा शेजाऱ्याकडून प्लाझ्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावरून, आलेलं असतं.

डाळिंबवाला :
आमच्यात म्हणतात, ‘रोग औषधाला दाद देत नाही’.

सूक्ष्मदर्शक :
वा. ‘औषधाला दाद न देणारे जिवाणू’. ‘प्रतिजैविकरोधी’पेक्षा शंभरपट बरं. मी माझ्याच मराठी सादरीकरणात घालतो.

निवृत्त_बाई :
निवडुंगाच्या पाटीवर एक ओळ वाढवा. काटे हे पानांचंच बदललेलं रूप, हे अनुकूलन खरं, पण फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. ते तिकडच्या कोरड्या माळांवर घडलं, आपल्या टेकडीवर नुसतं कामी आलं. लाजाळूही तिकडचीच. तिचं मिटणं प्रतिसाद : देठाच्या बुडाच्या फुगीर भागात एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी, की पान पडतं.

टेकडीफेरी :
शेवटची अडचण. कातळावरचं ते गवत, वाळून पार कोळ होतं आणि पाऊस पडला की तीच पानं हिरवी. आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या अशा ६२ वनस्पतींची यादी २०२३ मध्ये दिली, तीत हे गवतही आहे. याला काय म्हणू?

निवृत्त_बाई :
दोन वाक्यं करा. वाळणं आणि हिरवं होणं हा प्रतिसाद. वाळूनही न मरण्याची ताकद हे अनुकूलन. त्या ताकदीला ‘तग धरणे’ म्हणा, ‘निर्जलन-सहिष्णुता’ नको.

कुंडीतला_माळी :
ही पाटी पावसाळ्यानंतर लावू नका, उन्हाळ्यात लावा. आणि ‘पाणी ओतू नये’ असं काही लिहू नका. मुलं बाटली ओतणारच, ओतू द्या. परतीच्या वाटेवर त्याच कातळाशी थांबा.

टेकडीफेरी :
मग फेरीचा मार्गच उलटा करावा लागेल. कातळ शेवटी येतोय.